आधी तुरटी

रंगाऱ्याच्या लेकीने ऑफिसातली नोकरी सोडली, तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. वडील तेवढे डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "कर बिनधास्त. तुझ्या हाताला यश आहे." लेकीला आणखी काय हवं असतं? लग्नाआधी आणि लग्नानंतरही प्रत्येक सुट्टीत ती माहेरच्या रंगशाळेत राबली होती. तिने रंगवलेलं कापड कधी विटलं नव्हतं. फायलींवर शिक्के मारताना तिला वाटे, आपले हात फुकट चाललेत. शेवटी नवऱ्याने पुढची खोली रिकामी करून दिली आणि रंगाची चूल पेटली.

पहिलीच ऑर्डर परत आली. शिक्षिकाबाईंनी लाल चादर टेबलावर आपटली. "एका धुण्यात बादली लाल! माझे पांढरे कपडे गेले की हो सगळे!"

लेक ती चादर घेऊन तशीच माहेरी गेली. वहिनी भांडी घासत होती. चादर बघून सहज म्हणाली, "अगं, आधी तुरटीच्या पाण्यात भिजवलं नव्हतंस का? त्याशिवाय रंग धरत नाही."

"कसली तुरटी?"

वहिनीचा हात थांबला. "मला तर लग्नानंतर लगेच बाबांनी दाखवलं होतं…"

मग सगळा उलगडा झाला. इतकी वर्षं तिच्या हाती कापड यायचं ते मागच्या खोलीतून, तुरटीत भिजून वाळलेलं. त्या खोलीत तिला कधी जाऊच दिलं नव्हतं. 'तिथे ओल आहे, पाय घसरेल,' म्हणायचे वडील. केवढी ती माया!

ती चादर घेऊनच वडिलांसमोर उभी राहिली. "बाबा, मी नोकरी सोडली तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं ना, माझा रंग टिकणार नाही म्हणून?"

"होतं." वडील खाली बघत म्हणाले. "वाटलं, चार दिवस हौस करशील नि परत नोकरीवर जाशील. घरचं गुपित लेकीला सांगत नाहीत. लेक दुसऱ्या घरची."

"आणि वहिनी? ती तर दुसऱ्या घरूनच आली."

"ती आता आपली."

"मग मी कुणाची?"

आईने पदर डोळ्यांना लावला. पण ठाऊक तर तिलाही होतंच. परक्याने फसवलं तर माणूस चारचौघांत ओरडून सांगतो. जन्मदात्यानेच केसाने गळा कापला तर कुणाकडे जायचं?

ऑफिसातली खुर्ची अजून रिकामी होती. साहेबांचा निरोपही आला. ती गेली नाही. शिक्षिकाबाईंची चादर तिने पुन्हा, या वेळी आधी तुरटीत भिजवून, रंगवून दिली. मग तुरटीच्या पाण्याचं घमेलं उचललं आणि थेट दाराबाहेर, रस्त्याकडेला मांडलं. कुणी बाई थबकली की ती सांगे, "आधी तुरटी, मग रंग. या, हात घालून बघा."

वडिलांच्या कानावर गेलं. ते तणतणत आले. "घरचं गुपित रस्त्यावर मांडलंस?"

तिचे हात कोपरापर्यंत भिजलेले होते, आणि आवाज मुळीच कापत नव्हता. "मला घरचं मानलं असतंत बाबा, तर गुपितही घरातच राहिलं असतं."

वाचकहो, आपल्या घरात अशी एखादी मागची खोली आहे का? आज आपल्या लेकीलाच विचारा.