मायच्या नावाचा कप्पा

प्रफुल्लनं मांडीवरचा लॅपटॉप उचलला आणि थेट मायच्या सुपासमोर आणून ठेवला.

“माय, तू आता फोनवर काही पाहून राहिली का?”

प्रेमिलाबाई लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. फोन पलीकडे फ्रिजवर चार्जिंगला लावलेला होता.

“माहे हात दिसत नाही का तुले?”

“तेच म्हणतो. तू इथं बसली, फोन तिथं पडला. मंग तुह्या नावानं बाहेरगावाहून कोण शिरून राहिलं आपल्या सर्व्हरमंधी?”

प्रेमिलाबाईंची बोटं डाळीतच थांबली. कुलरसमोर बनियनवर पडलेले देवीदास उठून बसले. एप्रिलातल्या दुपारी या घरात कुणी उठून बसतं म्हणजे तसंच काही कारण लागतं.

“कोण शिरलं?”

“चोर, बाबा. ऑनलाइन चोर.”

हा सर्व्हर म्हणजे प्रफुल्लचं सहा महिन्यांपासूनचं खूळ. गोंदियातल्या एका खासगी कॉलेजात तो कॉम्प्युटर लॅब सांभाळायचा. लॅबमधून भंगारात निघालेला एक सीपीयू त्यानं स्कूटीच्या पायदानावर ठेवून कुडव्याला घरी आणला, त्यात दोन नव्या हार्डडिस्क बसवल्या आणि मागच्या खोलीतल्या टेबलावर मांडला. पहिल्या आठवड्यात उंदरानं वायर कुरतडली. दुसऱ्या आठवड्यात लाइन गेली आणि सगळं नव्यानं करावं लागलं. शेवटी मशीनला इन्व्हर्टर मिळाला, स्वतंत्र पंखा मिळाला. प्रेमिलाबाई चुलीपाशी पदरानं वारा घेत म्हणाल्या होत्या, “बरं आहे बापा, पुढच्या जन्मी मले मशीनच कर.”

“आपले फोटो परक्याच्या घरी कायले ठेवायचे?” हे प्रफुल्लचं म्हणणं. घरात तीन माणसं, म्हणून त्यानं तीन कप्पे केले. बाबांचा, मायचा, स्वतःचा. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. जगात कुठूनही उघडा, म्हणाला. शिवाय त्याच मशीनवर त्यानं स्वतःच्या नावाचं एक पान बसवलं होतं. त्यावर त्याचा कोट घातलेला फोटो, शिक्षण, शेती, उंची, आणि खाली एक ओळ: भावंडं, नाही. मुलीवाल्यांना नुसती लिंक पाठवली की झालं.

भावंडं, नाही. काय पण एकुलता एक! मागची खोली जिची होती, ज्या टेबलावर ते मशीन घुरघुरत होतं ते जिनं बारावीला बापाकडे हट्ट करून घेतलं होतं, ती रिंकू रायपूरला होती. पाच वर्षांपूर्वी तिनं स्वप्निल मेश्रामशी कोर्टात लग्न केलं. पोरगा शिकलेला, नोकरीचा, निर्व्यसनी. पण आपल्या समाजातला नाही, बौद्ध. देवीदास तीस वर्षं पाटबंधारे खात्यात कालव्यावर होते. सगळ्यांच्या धानाच्या बांधीत सारखं पाणी सोडलं म्हणून अजून लोक त्यांचं नाव काढतात. त्या दिवशी मात्र ते वैनगंगेवर जाऊन आंघोळ करून आले आणि ओल्या अंगानं दारात उभं राहून म्हणाले, “ते मेली.” तेव्हापासून रोज जेवणाआधी चष्मा लावून ते बायकोच्या फोनमधले नंबर तपासत. मेलेल्या माणसाचा फोन येतो की काय याची इतकी भीती कुणाला वाटलेली पाहिली नाही.

महाशिवरात्रीला शेजारची अन्नपूर्णा प्रेमिलाबाईंना नागऱ्याच्या यात्रेला घेऊन गेली आणि दर्शन झाल्यावर देवळाच्या मागच्या अंगाला घेऊन गेली. तिथं रिंकू उभी होती. कडेवर आठ महिन्यांची पोरगी. नाव यशोधरा. दहा मिनिटं मिळाली, त्यातली पाच रडण्यात गेली.

“नंबर लिहून देते,” रिंकू म्हणाली.

“नंबर नोको. नंबर सापडते.” मग प्रेमिलाबाईंना एकदम सुचलं. आपल्याला असं काही सुचलं याचं त्यांना पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. “प्रफुल्लनं माह्या नावाचा कप्पा केला मशीनमंधी. त्यात कोणी पाहत नाही. तुले पासवर्ड सांगते. लेकराचे फोटो टाकत जाय, मी पाहत जाईन.”

पोरीचा पापा घेऊन त्या निघाल्या आणि चार पावलांवरून परत आल्या.

“अन् हे पाय, ज्या दिवशी पासवर्ड लागणार नाही त्या दिवशी समज, तुह्या बापाले माहीत झालं. मंग पुन्हा येऊ नोको, अन्नपूर्णेजवळ निरोप बी देऊ नोको. तुह्या घरी येऊन तमाशा करतीन ते. लेकरावाली आहेस.”

“बरं माय.”

तेव्हापासून दर दोन-तीन दिवसांनी कप्प्यात काहीतरी यायचं. सकाळी झाडू मारायच्या निमित्तानं प्रेमिलाबाई मागच्या खोलीत जात, दार लोटून फोन उघडत. खालचे दोन दात, मग टबातली आंघोळ, मग बिस्किटानं माखलेलं तोंड. पाहून झालं की पदरानं मशीन पुसून ठेवत. माय मशीनची एवढी काळजी घेते म्हणून प्रफुल्लला तिचं कौतुक वाटायचं. परवा पहिली पावलं आली होती. चार पावलं, आणि बदकन बसली. प्रेमिलाबाईंनी तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की चुलीवरचा भात लागला आणि नवऱ्याची बोलणी खावी लागली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ती बोलणी गोड लागली.

आणि आता हा चोर.

“काही नेलं का त्यानं?” देवीदासांनी विचारलं.

“नेलं नाही. मायच्या कप्प्यात कचरा आणून टाकला.” हे म्हणताना प्रफुल्लनं लॅपटॉपचा पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

“राहू दे ना बापा,” प्रेमिलाबाई म्हणाल्या. “नेलं तं नाही ना काही.”

“राहू दे काय म्हणतेस?” देवीदास तडकले. “आज कचरा टाकला, उद्या घर साफ करंल. काढ तो कचरा अन् पासवर्ड बदलव. आत्ताच्या आत्ता.”

“कचरा काढलो मी. पासवर्ड माय सांगंल तो टाकतो. सांग माय.”

“मले नाही सुचत.”

“अवो, कायचाही सांग. एवढा कायचा इचार?”

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शेवटी प्रफुल्लनंच काहीतरी टाकलं आणि फ्रिजवरचा फोन आणून त्यांच्यापुढे धरला.

“दाब इथं. हो म्हण.”

देवीदास पाहत होते. प्रेमिलाबाईंनी डाळीचं बोट पदराला पुसलं आणि दाबलं.

तिन्हीसांजेला देवीदास चौकात गेले. प्रेमिलाबाई पोळ्या लाटायच्या सोडून मागच्या खोलीत आल्या. प्रफुल्ल मशीनच्या वायरी टेबलाला बांधत होता. परवा रविवारी अर्जुनी मोरगावहून पाहुणे यायचे होते. घर नीट दिसायला हवं होतं.

“काय कचरा होता रे?”

“होता काही.”

“लेकराचे फोटो होते. तू पायलास. चोर म्हणाला, कचरा म्हणाला, पण लेकरू नाही म्हणालास बाबासमोर.”

प्रफुल्लनं वायर दातात धरली, गाठ मारली, मग मायकडे न पाहता म्हणाला, “तिचं तोंड रिंकूवर गेलं आहे. मी काय आंधळा आहो?”

“अन् तरी काढलास?”

“म्हणूनच काढलो!” तो एकदम वळला. “तीन ठिकाणी मोडलं माय. आमगावचं मोडलं, तिरोड्याचं मोडलं, साकोलीवाले तं चहा बी पेले नाही. तुमची पोरगी कुठं दिली, एवढंच इचारते सगळे. चौतीस सरलं मले. रविवारी लोक येऊन राहिले अन् त्या पोट्टीचे फोटो माह्या घरी, माह्या मशीनमंधी? चोर म्हणालो म्हणून बाबाले कळलं नाही. उलटे उपकार मान.”

प्रेमिलाबाईंना त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. त्याचा राग खोटा नव्हता, हेच सगळ्यात वाईट. बहिणीनं स्वतःचं आयुष्य उभं केलं आणि आपलं बसलं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. रिंकूला नावं ठेवणाऱ्या लोकांना तो कधी काही बोलला नव्हता. तिचं नाव रेशनकार्डावरून गेलं तेव्हा सुंठेवाचून खोकला गेला, असंच त्याला वाटलं असणार.

“दोन डिस्क घेतल्या ना तू?” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं. “एक जळाली तं दुसरीत राहते, म्हणत होतास. दुसरीत असंल ना ते?”

“ते जळण्यासाठी आहे, माय. पुसण्यासाठी नाही. आरशासारखं आहे ते. इकडचं पुसलं का तिकडचं आपोआप पुसते.”

“एकबी नाही राहिला?”

“नाही.”

प्रेमिलाबाई परत पोळ्यांपाशी आल्या. रिंकूनं आज किंवा उद्या कधीतरी फोन उघडला असेल किंवा उघडेल, पासवर्ड टाकेल, लागणार नाही. पुन्हा टाकेल. मग नवऱ्याला सांगेल, बाबांना कळलं. आणि शहाणी पोरगी, सांगितलेलं ऐकणारी. एकदाच काय ती ऐकली नव्हती. ती पुन्हा येणार नाही. पोळी जळाली तशी त्यांनी ती काढून गाईसाठी बाजूला ठेवली आणि दुसरी टाकली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. प्रफुल्ल कॉलेजातून लवकर आला आणि बैठकीत नवे पडदे लावायला स्टुलावर चढला. प्रेमिलाबाई खालून कड्या देत होत्या. जेवण उरकून देवीदास टीव्हीपुढे बसले होते. रिमोट हातात, बराच वेळ नुसते वरखाली करत होते.

“प्रफुल्ल, हे बिघडलं का?”

“काय झालं?”

“ते लहान पोट्टी दिसून नाही राहिली.”

स्टुलावर प्रफुल्लचा हात पडद्यातच राहिला. “कोणती पोट्टी?”

“अरे, इथं पहिल्याच रांगेत येत होती. नवीन आलेलं, असं लिहून असते ना वर, तिथं. पिवळ्या फ्रॉकाची. परवा चार पावलं चालली अन् पडली. रडली बी नाही.”

सर्व्हर लावला तेव्हा लग्नांच्या जुन्या कॅसेटी टीव्हीवर पाहता याव्यात म्हणून प्रफुल्लनं टीव्हीला स्वतःचंच लॉगिन देऊन ठेवलं होतं. त्यातून तिघांचेही कप्पे दिसायचे. दुपारी तो कॉलेजात, माय गच्चीवर वाळवणापाशी. कुणाचं कशाला लक्ष जाईल?

देवीदास टीव्हीकडेच पाहत बोलत होते. “आवाज बंद ठेवून पाहत होतो मी. परवा थोडा मोठा केलो. ते पडली तं मागून कोणीतरी हासलं. रिंकू हासते तसं.”

पाच वर्षांत त्या घरात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं, आणि तेही ज्यानं बंद केलं त्याच तोंडून. प्रेमिलाबाईंच्या हातातल्या कड्या फरशीवर पडल्या. त्यांना रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप.

“तुमी पाहत होते? कधीपासून?”

“झाले दोन महिने.”

“अन् मले एक शबद नाही बोलले?”

“तू तरी कुठं बोलली?”

“मी कशी बोलू? रोज माहा फोन तपासत होते तुमी! अन् काल? काढ चोराले, बदलव पासवर्ड, आत्ताच्या आत्ता, कोण म्हणालं?”

“मले काय माहीत तो चोर म्हणजे कोण?” देवीदासांनी पहिल्यांदा मान वळवली. आधी बायकोकडे पाहिलं, मग स्टुलावरच्या पोराकडे. प्रफुल्ल पडद्याच्या चुण्या सारख्या करत राहिला. खाली उतरला नाही. देवीदासांना समजायला वेळ लागला, पण समजलं. आवाज उतरला त्यांचा. “मंग... पुन्हा येईल ना ते? दोन-चार दिवसांत?”

“नाही येत.”

“काऊन?”

“मीच सांगून ठेवलं होतं तिले. पासवर्ड नाही लागला तं समज, बापाले माहीत झालं. मंग पुन्हा नोको येऊ.”

देवीदासांच्या हातातला रिमोट मांडीवर आला.

“पण मले तं माहीतच होतं,” ते म्हणाले.