पन्हळीचं तीर्थ

मी पन्हळ बोलतेय. सागाची, लांबट, वाकड्या तोंडाची. लाकूड बोलतं यावर तुमचा विश्वास बसत नसेल तर राहू द्या. आमच्या भिवंडीजवळच्या कामतघर गावात कुणाचाच कुणावर बसत नाही, मग माझ्यावरच का बसावा?

माझं शिक्षण दुसरीपर्यंत झालंय. मठ सांभाळणाऱ्या घरातले अण्णा मठाच्या अंगणात शिकवणी घ्यायचे, ते मी माळ्यावर पडल्या पडल्या ऐकलं. तिसरीपासून पुढची मुलं आत ओसरीवर बसत, तिथलं काही ऐकू येत नसे. म्हणून मला बेरीज येते, भागाकार येत नाही. माणसांचं नेमकं उलटं असतं, त्यांना आधी वाटण्या येतात.

माझा जन्म कान्हूबुवांच्या हयातीतला. हा मठ त्यांचाच. बुवा मोठे भजनी, आवाज असा की रस्त्याने जाणारा बैलगाडीवाला गाडी थांबवून ऐके. सगळ्यांत देव एकच, हे त्यांचं लाडकं पद. ते भिंतीबाहेर जाई, त्याला कुणी अडवत नसे. पाण्याला मात्र अडवत. खाडी जवळ, त्यामुळे गावातल्या विहिरी मचूळ. गोडं पाणी एकट्या मठाच्या विहिरीला. वैशाखात महारवाड्यातली माणसं भिंतीपाशी येऊन हाका मारत. विहिरीला हात लावू द्यायचा नाही आणि तहानलेल्याला परतही पाठवायचं नाही, अशा पेचात मठ सापडला.

मग सुतार आला, त्याने मला कोरलं आणि कुंपणाच्या भिंतीला भोक पाडून त्यात बसवलं. माझं एक तोंड आत, अंगणात. दुसरं बाहेर, वाडीच्या बाजूला. आतून कुणीतरी कळशी ओतायची आणि बाहेर ओंजळी धरायच्या. आतल्याला बाहेरचा दिसत नाही, बाहेरच्याला आतला दिसत नाही. विटाळ शून्य, पुण्य पुरेपूर. ज्याच्या डोक्यातून ही युक्ती निघाली त्याचं मला भारी कौतुक वाटायचं. अख्ख्या गावात दोन्हीकडची तोंडं ओळखणारी मी एकटी. आतले म्हणत, आज फार प्यायले. बाहेरचे म्हणत, आज फार ताटकळवलं. मी मधे आडवी पडून दोघांचं ऐकायची आणि गालात हसायची. बाहेरच्यांना हसू येत नसे, तेही मी पाहत होते.

एकदा उन्हाने माझं बाहेरचं तोंड तडकलं. वाडीतल्या जानूने रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून माझ्या जबड्याखाली पट्टी ठोकली. बाहेरूनच, कारण आत यायची सोय नव्हती. त्याची पोर, कमळा, खिळे हातात धरून उभी होती.

छप्पन साली वाडीने दीक्षा घेतली आणि ओंजळी यायच्या थांबल्या. त्यांनी आपली विहीर खणली, वाडीला बुद्धनगर नाव दिलं. अण्णांच्या वडिलांनी मला उपसून काढलं, भोक विटांनी बुजवलं, वर चुना फासला आणि मला टाकलं माळ्यावर. अण्णा पोरवयापासून शिकायला परगावी, त्यांनी मला भिंतीत कधी पाहिलंच नव्हतं. माळ्यावरून मी उंदरांची शाळा पाहिली आणि ते परतल्यावर त्यांचीही.

आता गंमत ऐका. पुढे मठाची डागडुजी निघाली तेव्हा दौलतशेटला मी सापडले. दौलतशेट म्हणजे मठाचे सेक्रेटरी. धामणकर नाक्यावर त्यांचं मागाच्या सुट्या भागांचं दुकान. मालही संशयाने तोलायचे, माणूसही. त्यांनी अण्णांच्या वडिलांना विचारलं, ही काय वस्तू? म्हातारा माझ्याकडे बघत म्हणाला, "बुवांच्या वेळची आहे."

बास. खोटं एक अक्षर नाही. बाकीचं दौलतशेटच्या भक्तीने भरून काढलं. बुवांच्या वेळची म्हणजे बुवांची, बुवांची म्हणजे अभिषेकाची. दाराशी अण्णांच्या पत्नी सुमतीबाई नारळ खवत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला, पुन्हा चालू झाला.

झालं. मला पितळी पत्र्याने मढवलं, हळदीकुंकू लावलं, गाभाऱ्यापुढच्या उंच ओट्यावर बसवलं. बुवांच्या पुण्यतिथीला अण्णा वरून अभिषेकाचं पाणी ओतत आणि खाली रांगेने भक्त उभे राहत. वाकून, मान खाली घालून, ओंजळ माझ्या तोंडाखाली धरून. कारकून, मास्तर, वकील, त्यांच्या बायका. हात बदलले होते, ओंजळ तीच. मला इतकं हसू आलं की माझं पाणी दौलतशेटच्या धोतरावर उडालं. लोक म्हणाले, बुवांचा प्रसाद. जानूच्या पट्टीवर बोट ठेवून दौलतशेट पाहुण्यांना सांगत, बघा त्या काळची कारागिरी.

चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतर भिवंडीत शेजाऱ्यालाही दाराच्या फटीतून बघायची सवय लागली. अण्णांचं मन त्याने कुरतडलं. भाषणात दरवर्षी सांगायचे की बुवांनी भेदभाव मानला नाही. मग बुद्धनगरातलं एकही माणूस पुण्यतिथीला का येत नाही, हे त्यांना उमजेना. एवढं शिकलेला माणूस. शेवटी अठ्ठ्याऐंशी साली ते स्वतः आमंत्रण घेऊन गेले.

मग दोन्हीकडे काय काय शिजलं ते मला वाऱ्यावर कळत होतं. बुद्धनगरात कमळाबाईंचा मुलगा रामदास, टेलिफोन खात्यात नोकरीला, म्हणाला की नगरपालिकेची निवडणूक जवळ आलेली दिसते, मतं पाहिजेत यांना. मठात दौलतशेट म्हणाले की आज जेवायला येतील, उद्या ट्रस्टवर बसतील. सुमतीबाई आमंत्रणाच्या दिवसापासून येता-जाता माझ्याकडे अशा बघत, जशी मी आता तोंड उघडणार. आणि कमळाबाई? त्यांनी फक्त विचारलं, "ती लाकडाची पन्हळ हाय म्हनतात, ती हाय कुठली?" आणि ते बघायला म्हणून आल्या.

पुण्यतिथीची सकाळ. बाहेर माग खडखडत होते, आत टाळ. बुद्धनगरातली मंडळी दाराशी घोळक्याने उभी, चपला कुठे काढायच्या आणि काढल्या तर परत मिळतील का, याचा विचार करत. अण्णा आनंदाने फुललेले. लोटा घेऊन ओट्यावर चढले आणि म्हणाले, "या कमळाबाई, आज पहिला मान तुमचा. ओंजळ धरा."

कमळाबाई पुढे आल्या. ओंजळ धरली नाही. त्यांनी उजवा हात माझ्या जबड्याखाली घातला, पितळेच्या खाली, आणि बोटांनी चाचपत पट्टीपर्यंत पोचल्या. एकेक खिळा मोजल्यासारखी बोटं फिरली.

"अण्णा, ह्या पन्हळीचं पानी मी पोरवयात प्यालेय," त्या शांतपणे म्हणाल्या. "भिंतीच्या पल्याड उभी राहून. ही पट्टी माझ्या बापानं ठोकली, खिळे माझ्या हातात व्हते. आता परत ओंजळ धरू?"

टाळ थांबले. दौलतशेट पुढे सरकले. "मावशी, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. ही अभिषेकाची आहे."

"गैरसमज नाही," मागून सुमतीबाई म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हा मला हेच काम दिलं होतं. भिंतीच्या या बाजूला मी असायचे. बाहेर हाका चालायच्या आणि मी आधी फुलं वेचून घ्यायचे. मला ठाऊक होतं, ही कसली पन्हळ ते."

दोघी समोरासमोर आल्या. अंतर होतं माझ्या लांबीइतकं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मधे भिंत नव्हती. कमळाबाई म्हणाल्या, "म्हंजे तुमी व्हय." बस, एवढंच.

आता सगळ्यांचे डोळे अण्णांवर. एक वाक्य त्यांनी बोलायचं होतं, तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर. अण्णांनी लोटा खाली ठेवला आणि ते आत निघून गेले. पाहुणे न जेवता परतले. रामदास जाताना म्हणाला, "आई, बोललो होतो ना मी, जाऊ नको म्हणून." चपला सगळ्यांच्या मिळाल्या, तेवढं बरं झालं.

मग माझं काय करायचं यावर बैठका. दौलतशेटचं मत पडलं की मला वाजत-गाजत अंजूरच्या खाडीत सोडावं. सन्मानाने. मी मनात म्हटलं, वा शेट, बुडवायचं आणि वर ताशा लावायचा. दुसरा म्हणाला, बंबात घाला. तिसऱ्याला शंका की बुद्धनगरवाल्यांनीच पट्टी मागाहून ठोकली. अण्णा कुणाशीच बोलेनात. त्यांना भीती ही, की बुवांचं एक पाप बोलून दाखवलं तर बुवांचं गाणंही खोटं ठरेल. बालपणापासून त्या गाण्याच्या आधारावर उभा राहिलेला माणूस तो.

एका रविवारी दुपारी त्यांनी सब्बल घेतली, बायकोला भोक कुठे होतं ते विचारलं आणि स्वतः विटा काढल्या. पितळ उचकटून मला पुन्हा भिंतीत बसवलं. मग बाहेरून वळसा घालून गेले, उन्हात माझ्यापुढे ओंजळ धरून उभे राहिले आणि सुमतीबाईंना ओतायला सांगितलं. रस्त्यावर गर्दी जमली. कमळाबाईंना कुणीतरी बोलावून आणलं. त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"अण्णा, नाटक नको," त्या म्हणाल्या. "तहान नसताना ओंजळ धरून काय कळनार हाय? सावलीत चला. सांगायचं ते तोंडानं सांगा. आन मला नको, मला ठावंच हाय. ज्यांनी तीर्थ घेतलं त्यांना सांगा."

पाणी त्यांच्या हातावरून वाहून गेलं. मला हसू आलं, पण या वेळी मी पाणी उडवलं नाही.

पुढच्या पुण्यतिथीला अण्णा बोलायला उभे राहिले. दरवर्षीचं भाषण नव्हतं. "बुवा गात होते की सगळ्यांत देव एकच. आणि ते गात होते तेव्हा त्यांच्याच मठाच्या भिंतीत ही पन्हळ होती. माणसांना विहिरीपासून लांब ठेवायला केलेली. पुढे आपण तिची पूजा केली. मला बुवा अजून प्रिय आहेत. पण हे दरवर्षी सांगितल्याशिवाय मी त्यांचं पद म्हणणार नाही."

काही लोक उठून गेले. दौलतशेट सगळ्यांच्या पुढे. दोन-तीन वर्षं ते फिरकले नाहीत. मग आले, कारण आपल्याला कुणी शोधत कसं नाही, याचा त्यांना संशय आला. अण्णांची मात्र झोप परतली, असं सुमतीबाई सांगतात. बुवांचं पद ते आता म्हणतात तेव्हा सूर थोडा कमी लागतो, पण ऐकवतो.

आता एकोणीसशे शहाण्णव उजाडलंय. मी भिंतीतच आहे. कोरडी. हळदकुंकू नाही, पितळ नाही. जानूची पट्टी गंजली तरी धरून आहे. पुण्यतिथीला कमळाबाई पुढच्या दाराने येतात, सुमतीबाईंच्या स्वयंपाकघरात बसून पेल्याने पाणी पितात, जेवतात. रामदासही येतो, दाराजवळचं पान धरून. पण आत शिरण्याआधी कमळाबाई एक काम न चुकता करतात. वळसा घालून भिंतीबाहेर जातात, वाकतात आणि माझ्यातून आत डोकावतात. मला बुजवलं तर नाही ना, हे बघायला. एका वर्षी सुमतीबाई चिडल्या, "अहो, एवढ्या वर्षांनीही विश्वास नाही का?"

"विश्वास हाय की," कमळाबाई म्हणाल्या. "म्हनून तर नुसतं डोकावते. नसता तर काठी घालून बघितली असती."

तेव्हापासून सुमतीबाईही आपल्या बाजूने वाकून बसतात. एका टोकाला हिचा डोळा, दुसऱ्या टोकाला तिचा. दोन म्हाताऱ्या, पाठी धरलेल्या, आणि दोघींच्या मधे मी.

तर वाचकहो, एवढंच मागणं आहे. माझी पूजा करू नका, मला जाळूही नका. तुमच्याही घरात, देवळात, मठात माझी एखादी बहीण माळ्यावर पडलेली असेल, तिला खाली काढा आणि ती कशाला केली होती ते मोठ्याने विचारा. आणि मला बुजवायचा विचार कुणाच्या मनात असेल, तर सांगून ठेवते: कमळाबाईंनी काठी घेऊन ठेवलीय. दाराशीच असते.