चांगोची मधाची नानखटाई

पळसदरीच्या चांगोला एकच व्यसन होतं. येत नाही ते येतं म्हणून सांगायचं. हे तो स्वतःच कबूल करायचा, तेव्हा निदान एवढं तरी खरं धरायला हरकत नाही.

त्या साली साखर रेशनवरसुद्धा दिसेना, आणि नेमकी कुंभिवलीची मंडळी त्याच्या लेकीला, सुंदराला, बघायला येणार होती. सुंदरानं वाल्मिकला जत्रेत पाहिलं होतं. करीन तर तोच, म्हणून बसलेली. पण त्याच्या बापानं, सखानं, प्रश्न विचारविचारून चार मुली नाकारलेल्या. चांगोनं मात्र आधीच निरोप धाडला होता, की आमच्याकडे चहासोबत नानखटाईच असते. ती त्यानं जन्मात केलेली नव्हती.

घरात साखर नव्हती, पण गावातल्या धाऊनं कड्यावरून उतरवलेला मध होता. शेरभर साखरेच्या जागी शेरभर मध, असा सरळ न्याय लावून चांगोनं पीठ मळलं. बायको अंबूबाई म्हणाली, पीठ सैल होईल. चांगोनं तिला मधाचे गुण समजावले, जे त्याला त्याच क्षणी सुचले होते. डबा घेऊन तो कर्जतच्या बेकरीकडे निघाला तेव्हा मागं माश्या लागल्या. तो म्हणतो दोनशे, अंबूबाई म्हणते दोन.

भट्टीत गोळे पसरले आणि एकमेकांच्या गळ्यात पडले. बेकरीवाला सदू सांगत होता, मध लवकर करपतो, काढू या. चांगोनं हट्टानं आणखी दोनदा भाजायला लावलं. पत्र्यावरून शेवटी एक काळी फरशी निघाली. अंबूबाईनं ती वरवंट्यानं फोडली.

मंडळी आली. सखानं तुकडा तोंडात टाकला, एकदाच चावला, आणि दात दातांना चिकटले ते चिकटलेच. प्रश्न डोळ्यांत दिसत होते, बाहेर येईनात. त्या शांततेत वाल्मिकला पहिल्यांदाच बोलायला जागा मिळाली.

"मला पोरगी पसंत हाय," तो म्हणाला. मग घाबरून, "आबा, तुमचं नाय असंल तर आत्ताच बोला."

सखा नुसता हातवारे करीत राहिला. अंबूबाईनं झटकन नारळ पुढं केला.

लग्नात मात्र सखाचं तोंड सुटलं, ते अक्षता पडल्या तरी मिटेना. चांगोनं कनवटीला जपलेला शेवटचा तुकडा हळूच काढला. पण व्याह्याला द्यायच्या आधी, खात्री करायला, स्वतःच जरासा चाखून बघितला.

कुंभिवलीची माणसं अजून सांगतात, मुलीचा बाप फार मितभाषी.