धरणाची ओटी

धरणाच्या भिंतीवर त्या सकाळी मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. बाजारहत्नूरकडून जीप भरभरून माणसं आली होती. विद्युतानंद महाराज मंत्राने वीज वाढवणार होते. किती मेगावॅट वीज होते ते दाखवणारा वीजघराचा मोठा आकडा सगळ्यांना दिसावा म्हणून बाहेर टांगला होता आणि पाण्याच्या काठाला भगवा पडदा लावला होता.

"देवी रूठी है, भक्तहो!" महाराज लाऊडस्पीकरवरून गरजले. "मंत्र का वोल्टेज देखो!" वोल्टेज आणि वैकुंठ एकाच दमात उच्चारणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. बाया मात्र डोळे मिटून हात जोडत होत्या.

आमचं वीजघर सरकारी आणि जुनं. नवं धरण न बांधता, जास्त पाणी न घेता, नुसतं यंत्राचं चाक बदललं की तीनच्या जागी चार मेगावॅट वीज मिळेल, अशी योजना आली. योजना शहाणपणाची होती. नवं चाक बसलं त्या दिवशी इंजिनिअर नरसिंगरावांच्या पत्नी मीनाक्षीबाईंनी जलदेवीची ओटी भरली आणि लुगडं-नारळ पाण्यात सोडलं. साहेबांच्या घरचं पाहून गावोगावच्या बाया आल्या. महिनाभरात शेकडो लुगडी पाण्यात गेली आणि आकडा चारऐवजी दोनवर आला. चाकाची चाचणी घ्यायला हैदराबादहून वरिष्ठ येणार होते, त्यामुळे नरसिंगरावांची झोप उडाली.

खुशाल माझा जुना विद्यार्थी. मशीन बंद असताना कमरेला दोर बांधून पाण्यात उतरायचं आणि वीजघरात पाणी शिरतं तिथली लोखंडी जाळी साफ करायची, हे त्याचं कंत्राटी काम. त्याचं घर त्यावर चालायचं. जाळी लुगड्यांनी गच्च भरली आहे, मशीन थांबवा, असं त्याने साहेबांना दोनदा सांगितलं. पण ओटीने वीज घटली म्हणायचं, तर ते आधी घरात बायकोला म्हणावं लागणार. साहेबांना महाराज बोलावणं सोपं वाटलं.

महाराजांनी येताच निदान केलं. कुणा विटाळलेल्याचे पाय देवीच्या अंगाला लागतात, म्हणून ती कोपली. नाव घेतलं नाही, पण बौद्धवस्तीतला पाण्यात उतरणारा माणूस एकच होता. खुशालचं काम त्याच दिवशी बंद झालं. मी, अमृतराव, तीस वर्षं विज्ञान शिकवलेला मास्तर, तेव्हा चारचौघांत तोंड उघडलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

तर त्या सकाळी देवी स्नान करते, असं सांगून मशीन बंद ठेवलं होतं. पडद्याआड काय चाललंय ते कुणाला दिसत नव्हतं. दुपारी भोंगा वाजला, मशीन घरघरलं, आकडा चढत चढत चारला टेकला. माणसं आडवी पडून दंडवत घालू लागली.

इथे थांबले असते तर महाराज देव झाले असते. पण त्यांना राहवलं नाही. ते म्हणाले, "पाहिलंत? विटाळ दूर ठेवला, देवी प्रसन्न झाली."

पडदा हलला. खांद्यावर चिखलाने माखलेल्या लुगड्यांचा ढीग घेऊन, निथळत खुशाल बाहेर आला. मागच्या वाटेने गुपचूप निघून जा, उद्यापासून काम परत देतो, असा शब्द त्याला साहेबांनी दिला होता. तो घाबरला होता, तरी माझ्याकडे वळून बोलला.

"देवी नव्हती रुसली, गुरुजी. जाळीत हे अडकलं होतं. सकायपासून मीच काढून राह्यलो. मले साहेबानं बलावलं."

नरसिंगराव खाली पाहू लागले. गर्दीतून गावातल्या रेणुकाबाई पुढे आल्या आणि हिरवा काठ पाहून पुटपुटल्या, "हे तं माह्यं लुगडं."

"देवीनं प्रसाद परत दिला," महाराज सावरले. काही माना डोलल्यासुद्धा. आता मात्र मी उभा राहिलो. म्हटलं, चहाच्या गाळणीत चोथा साचला की चहा थेंबथेंब पडतो, तसं हे. पाणी कमी आत गेलं, चाक कमी जोराने फिरलं, वीज घटली. खोटं वाटत असेल तर ही लुगडी पुन्हा जाळीत घालू, खुशाल घरी बसेल, आणि महाराजांनी एकट्या मंत्राने आकडा चारवर आणावा. महाराजांना तेवढ्यात नागपूरची गाडी आठवली. लोक हसले. मलाही वाटलं, जिंकलो.

खुशालने लुगडं रेणुकाबाईंपुढे धरलं. त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "तिथंच ठेव खाली."

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला, तर फाटकावरूनच परत पाठवला. शिस्तभंग केला, म्हणे. महाराजांवर कुणी साधी तक्रारही केली नाही.

म्हणून गावकऱ्यांनो, हात जोडून सांगतो. वीज पाणी उंचावरून पडल्याने होते, मंत्राने नाही. नमस्कार काठावरून करा, पाण्यात काही सोडू नका. हे शाळकरी पोरालाही कळतं. पण ज्या हातांनी वीज वाढवली ते डोळ्यांनी पाहूनही तुम्हाला त्या हातांचा विटाळ होत असेल, तर त्या महाराजाला का हसलात? खुशालला कामावर परत घ्यावं, असा अर्ज मी लिहिला आहे. त्यावर सध्या माझी एकट्याची सही आहे. विचार करा, आणि पटलं तर सही करायला या.