खासबागेत बसलेला आवाज

"ऋता, प्रयोगाच्या आदल्या दिवशी अण्णांना खासबागेत जाऊ देऊ नकोस हं. कुस्ती दिसली की त्यांचं भान सुटतं," श्यामलाकाकूंनी मला बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. कडेवरचं बाळ सांभाळू, की साठीतल्या या हौशी नटाला?

अण्णा म्हणजे काकूंचे यजमान, आमच्या नाट्यमंडळाचे हुकमी नट. राज्य स्पर्धेसाठी बसवलेल्या शोकांतिकेत सरदार तेच होते. गादीसाठी थोरल्या भावाला विष घालणारा सरदार! माझा नवरा धवल बदली नट. सगळं नाटक तोंडपाठ, आणि वाट्याला मात्र भालदाराचा भाला.

प्रयोगाआधी अण्णा मौन पाळायचे, ज्येष्ठमध चघळत बसायचे. या वेळी आदल्या दिवशी धवल त्यांना खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात घेऊन गेला.

"आरं, बघतोस काय? लाव की ढाक! लाव!"

शेवटची जोड सुटेपर्यंत अण्णा ओरडत होते. सकाळी घशातून नुसती हवा. सरदाराचा अंगरखा धवलच्या अंगावर चढला.

तिसरी घंटा झाली. बाळाला छातीशी धरून मी विंगेत उभी. थिएटर खचाखच! धवल असा काही तळपत होता, की माझ्या अंगावर काटा आला. भाऊ मेला, दरबार भरला, सरदार गादीकडे निघाला. आणि मध्येच थांबला.

मी त्याच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. पहिल्या रांगेत अण्णा, गळ्याला मफलर. प्रत्येक वाक्याबरोबर त्यांचे ओठ हलत होते.

धवलचं वाक्य गेलं. अण्णांनी तोंड मोठं करून पुढचे शब्द उच्चारले, बिनआवाजाचे. धवल रंगमंचाच्या कडेला आला, अण्णांसमोर गुडघ्यांवर बसला आणि फुटक्या आवाजात म्हणाला, "दादा, ही गादी तुमचीच आहे."

मेलेल्या भावाला उद्देशून असलेलं हे वाक्य तालमीत तो उभ्यानं म्हणायचा.

"नादखुळा!" मागून आरोळी आली. मग शिट्ट्या, टाळ्या, बाळ दचकून रडायला लागलं, मीही रडत होते.

मेकअप उतरवताना धवल आरशाकडे बघत म्हणाला, "ते ओरडणार, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच नेलं."

तेवढ्यात अण्णा आले. त्याच्या पाठीवर थाप मारली, कानाला हात लावून 'वा!' अशी खूण केली. धवल मान खाली घालून अंगरख्याची घडी घालत राहिला.

प्राथमिक फेरीचा निकाल लागला. आम्ही पहिले! चौकात पेढे वाटले, फोन खणखणतोय. धवल मात्र हटून बसलाय. अंतिम फेरीत सरदार अण्णाच करणार, आणि खरं काय ते त्यांना तोच सांगणार. पण अण्णा विश्रांतीला काकूंबरोबर नृसिंहवाडीला बहिणीकडे गेलेत. धवल दोनदा एसटी स्टँडवरून परत आला. धीर होत नाही म्हणतो. काकू फोनवर "बरे आहेत" एवढंच बोलतात, अण्णांना फोन देत नाहीत. बाळाला ताप आहे, मला निघता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी वाडीला दर्शनाला जाणार असेल, तर घाटावर संध्याकाळी अण्णा बसलेले दिसतील. जरा जवळ बसा, काहीतरी विचारा. आवाज परत आलाय का, तेवढं बघून मला कळवाल?