भिंगरीच्या नावाचं कार्ड

चौकात तीन मजली दुकान उघडलं आणि मुलांच्या बुटांच्या या लहानशा दुकानावर माशा मारायची वेळ आली. दुकान सासऱ्यांचं. औषधाच्या दुकानाला लागून, आत अरुंद, छतापर्यंत खोके, दारापाशी एक बुटकं बाक. त्या बाकासमोर गुडघे टेकून बसण्यात सासऱ्यांची चाळीस वर्षं गेली होती. आसपासची पोरं त्यांना बूटआजोबा म्हणायची. पोराचा पाय नुसता हातात घेतला की ते नंबर सांगत. पट्टी लावायचे ती फक्त आईबापांच्या समाधानासाठी. त्यांचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, लांब पल्ल्याच्या गाड्यांवर ड्रायव्हर, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. म्हणजे दुकानात माणसं दोनच, सासरे आणि सून.

मोठ्या दुकानात सरकता जिना होता. पोरं जिन्यासाठी हट्ट करायची, आणि एकदा वर गेलं की बूटही तिथेच घेतले जायचे. सुनेने हँडबिलं वाटून पाहिली, दारावरची पाटी नव्याने रंगवून घेतली. फरक पडला नाही. मग तिच्या डोक्यात एक गोष्ट आली. पोरांचे पाय सारखे वाढतात, पण आईबापांना ते बूट चावायला लागल्यावरच कळतं. मग आपणच आठवण का करू नये? बूट घ्यायला आलेल्या प्रत्येक मुलाचं पाऊल जाड कागदावर पेन्सिलीने काढून घ्यायचं, नाव, पत्ता, तारीख लिहून ठेवायची, आणि चार महिन्यांनी त्या मुलाच्याच नावाने पोस्टाने एक कार्ड टाकायचं. ‘तुझी पावलं आता मोठी झाली असतील. येऊन बघून जा.’

सासऱ्यांनी नाक मुरडलं. पाय दुखला की गिऱ्हाईक आपल्या पायाने येतं, त्याला पत्र कशाला लिहायचं, सोयरीक जुळवायची आहे का, असं त्यांचं म्हणणं. तरी त्यांनी अडवलं नाही.

कार्डं जायला लागली त्या पहिल्याच महिन्यात एक मुलगा कार्ड छातीशी धरून आला. त्याच्या आयुष्यातलं पहिलं पत्र होतं ते. पुढच्या महिन्यात सात-आठ पोरं आपापल्या आयांना ओढत आली. वर्षभरात दुकान पुन्हा उभं राहिलं. आता सासरेच पेन्सिल कुणाच्या हाती देईनात. पाऊल काढताना मुद्दाम तळव्याला गुदगुल्या करायचे आणि पोर हललं की त्यालाच दम द्यायचे. जुन्या आकृतीवरच नवी काढायची, म्हणजे किती वाढ झाली ते दिसतं, ही युक्तीही त्यांचीच. “सूनबाई, तुझं डोकं आणि माझा हात,” असं ते येईल त्याला सांगत.

या पोरांमध्ये एक होती भिंगरी. पडदे शिवणाऱ्या बाईची पाच वर्षांची मुलगी. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून घरात पडलेलं नाव. कार्डावर शाळेतलं नाव नको, भिंगरीच लिहा, असं तिने सुनेला बजावलं होतं. तीनदा तिचं पाऊल काढलं आणि तिन्ही वेळा तिने करंगळी हलवली. त्यामुळे कागदावर त्या बाजूला एक टेंगूळ आलं होतं. तिची आई हसून म्हणायची, हिच्यासाठी सहा बोटांचे बूट असतील तर दाखवा.

तिसरं कार्ड गेलं आणि त्यानंतर चारेक दिवसांनी, दुपारच्या रिकाम्या वेळी, ती बाई एकटीच आली. हातात कार्ड होतं. सुनेला आनंद झाला.

“मिळालं ना कार्ड? आणि बाईसाहेब कुठायत?”

“ती नाहीये आता,” बाई म्हणाली.

“शाळेत गेली असेल.”

बाईने मान हलवली. “गेली ती. दोन महिने झाले. ताप डोक्यात गेला.”

 बाईसाहेब कुठायत, हे आपलेच शब्द सुनेला परत ऐकू आले. तिने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, माफी मागितली, आम्हाला कुणी कळवलं नाही म्हणाली, आणि तेही तिला चुकीचंच वाटलं. आत खोके लावत असलेले सासरे बाहेर येऊन उभे राहिले.

बाई भांडायला आली नव्हती. ती बाकावर बसली आणि सावकाश सांगू लागली. कार्ड आधी भिंगरीच्या बाबांच्या हाती पडलं. ते फाडायला निघाले, तिने हिसकावून घेतलं. घरी येणारा प्रत्येक जण तिच्याबद्दल होती, करायची, बोलायची, असंच बोलतो. दोन महिने तिने दुसरं काही ऐकलं नव्हतं.

“आणि तुम्ही लिहिलंत, मोठी झाली असतील,” ती म्हणाली. “कुणीतरी अजून ती वाढतेय असं धरून चाललंय. मला बरं वाटलं हो.”

तिला पावलांचा कागद बघायचा होता. सुनेने खण उघडला, पण कागद सापडेना. शेवटी सासऱ्यांनी काढून दिला. एकात एक अशा तीन पावलांच्या रेषा. बाईने सगळ्यात आतल्या रेषेवरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि तिथून पुढच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, “आता केवढं झालं असतं?”

सासऱ्यांनी एक खोका उतरवला, त्यातला एक बूट तिच्या हातात दिला. तिने तो मांडीवर घेतला. बराच वेळ नुसती धरून बसली. मग खोक्यात नीट परत ठेवला, कागद मागून घेतला आणि उठली. दारात थांबून तिने सुनेला विचारलं, “चार महिन्यांनी पुन्हा पाठवाल ना?”

सुनेच्या तोंडून हो निघून गेलं. ती गेल्यावर सासरे एवढंच म्हणाले की शब्द देण्याआधी थोडं थांबायला हवं होतं. पण त्या क्षणी नाही म्हणायला कुणाची जीभ रेटली असती?

चार महिन्यांनी सुनेने कार्ड लिहिलं. तीन कार्डं फाडली आणि चौथं पोस्टात टाकलं. तेच वाक्य, तेच नाव.

पंधरवड्याने भिंगरीचे बाबा आले. दाढी वाढलेली, कामावरचा गणवेश अंगात. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात, मान खाली घालून बोलले. बायकोने शिवणाची कामं घेणं सोडलंय. पोस्टमन यायच्या वेळेला रोज दारात उभी असते. कार्ड आलं तेव्हा दिवसभर हसत होती, आणि दुसऱ्या दिवसापासून पुढच्या कार्डाचे दिवस मोजायला लागली. त्या कागदावर तिने स्वतःच चौथी रेषा काढलीय, करंगळीच्या टेंगळासकट.

“तुमचा हेतू चांगला आहे, मला कळतं,” ते म्हणाले. “पण ताई, एक मी घालवलीय. आता हीपण हातची चाललीय.”

सुनेने त्यांना वचन दिलं. त्यांच्या बायकोला दिलेलं वचन मोडायचं वचन.

पुढच्या कार्डाचा ठरलेला दिवस आला आणि गेला. सुनेने कार्ड लिहिलं नाही. आठवड्याने ती बाई दारात उभी. वाळून अर्धी झाली होती.

“पोस्टात हरवलं का हो?” तिने विचारलं.

खोटं तयारच होतं, नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पण मग तिने दुसरं मागितलं असतं. सून म्हणाली, “नाही. मी लिहिलंच नाही.”

“त्यांनी सांगितलं?”

 बाईने बाकावर हात टेकला, बसली मात्र नाही.

“त्यांना वाटतं मला वेड लागेल. मला सगळं कळतं हो, ताई. ती गेलीय ते मला कळतं. पण एवढी एकच जागा होती जिथे ती मोठी होत होती.”

सून पुढे होऊन तिचा हात धरणार होती. पण एक जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन आत शिरलं, पहिले बूट हवे म्हणत. बाई त्यांना वाट देण्यासाठी बाजूला सरली, बाळाकडे एकदा बघितलं आणि निघून गेली. सून त्या दोघांना बूट दाखवत राहिली. रंग कुठला विचारला, खोका बांधून दिला. ते गेल्यावर मात्र ती खोक्यांच्या मागे जाऊन तोंडात पदर कोंबून रडली.

त्या आठवड्याची पाठवायची कार्डं तशीच पडून राहिली. तुझी पावलं, एवढं लिहून तिचं पेन अडायचं. कुठल्या घरी काय झालं असेल, आपल्याला काय माहीत? तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी तो गठ्ठा उचलला आणि दुखरा गुडघा घेऊन बाहेर पडले. पोस्ट नको, मी हातानेच देत जाईन, म्हणाले. दारात जायचं, आधी शेजारी चौकशी करायची, पोर डोळ्यांनी बघायचं आणि मगच कार्ड पुढे करायचं. दिवसाला सहा-सात घरांपलीकडे त्यांचा पाय चालत नसे. गिऱ्हाईक त्या हिशोबाने कमी झालं. पण दुकान टिकलं. सून गल्ल्यावर बसायची, माल मागवायची, पण कुणी पोर बाकावर बसलं की सासऱ्यांना हाक मारायची. पेन्सिल तिने पुन्हा हातात धरली नाही.

एकदा सासरे नेहमीपेक्षा लवकर परतले. पाणी प्यायले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग सांगितलं की आज त्या गल्लीत गेलो होतो. घराला कुलूप आहे, खिडक्यांचे पडदे काढलेत. शेजारणीने सांगितलं, दोघं महिन्यापूर्वी सामान घेऊन गेले. कुठे ते कुणाला सांगितलं नाही.

“तिची तब्येत कशी होती, विचारलंत का?” सुनेने विचारलं.

“विचारलं. जाताना शिवणाचं मशीन विकलं म्हणे.”

 थोड्या वेळाने शाळा सुटली. एक आई दोन पोरांना घेऊन दारात आली. सासरे गुडघ्यावर हात ठेवून उठले, आणि सून खोके उतरवायला आत गेली.