लोढण्याचं गाऱ्हाणं

मी बाभळीचा एक जुना ओंडका आहे. पाबळच्या ज्ञानू सुताराने मला तासलं, भोक पाडलं, दोर ओवला आणि माझं लोढणं झालं. मार्थाबाईंची कालवड भारी ओढाळ, सारखी दुसऱ्याच्या मेथीत घुसायची. म्हणून मला तिच्या गळ्यात बांधलं. ती पळाली की मी तिच्या गुडघ्यांवर आपटायचो. तिला पळायचं असायचं, आणि मित्रांनो, खरं सांगतो, मलाही!

पुढे कालवडीची शहाणी गाय झाली आणि मी गोठ्यात खुंटीला लागलो. एका जागी राहून जीव नुसता आंबतो. वारं आलं की मी भिंतीवर डोकं आपटत बसतो.

मार्थाबाईंची लेक जस्मिन सणसवाडीच्या कंपनीत आहे. कंपनी तिला ट्रेनिंगला फ्रान्सला धाडणार होती. ती गोठ्याशेजारच्या ओट्यावर बसून फ्रेंच घोकायची. एका संध्याकाळी तिने मोबाइलवर एक शब्द काढला, आंत्राव. इंग्रजी अर्थ आले: हॉबल, फेटर, हिंडरन्स. ती मोठ्याने मराठी लावू लागली, "बेडी... अडथळा... गळ्यातलं लोढणं."

आत मार्थाबाई दुखरा गुडघा धरून भाकरी थापत होत्या. त्यांना शेवटचंच ऐकू गेलं. तव्यावरची भाकरी करपली तरी त्या हलल्या नाहीत. सकाळी त्यांनी यवतच्या भावाला फोन केला, गाय विकते आणि तुझ्याकडेच राहायला येते म्हणाल्या. मामाने ते जस्मिनला कळवलं. ती धावत घरी आली. आईने मान वर न करता सांगितलं, "तुझ्या गळ्यात लोढणं कशाला? तू जा सुखानं."

जस्मिनला उमगायला एक क्षण लागला. मग तिने मला खुंटीवरून ओढलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. "आई, लोढणं ह्ये हाय. मी शब्दाचा अर्थ लावत हुते गं."

तिच्या मनात ते कधी आलंच नसेल, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ती रडत होती, हे मी पाहिलं. मार्थाबाईंनी माझ्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "मंग गाय कशाला इकू? म्या हितंच हाय. तू ये माघारी."

जस्मिन गेली. आता मी उंबऱ्याशी असतो. वाऱ्याने दार आपटून बंद होतं, म्हणून मार्थाबाई मला दाराला टेकवून ठेवतात. अजून चुळबुळतो मी, जुनी खोड. मित्रांनो, मला कधीमधी तेलाचं बोट लावा, वाळवी लागते. आणि माझं नाव माणसाला देऊ नका. ते माझं आहे, आणि सध्या मी दार उघडं धरून बसलोय.